अस्सलपणाचे वस्त्र : यिंका शोनिबारे ह्यांची कला

१

परसत्तेखाली राहिलेल्या समाजातील कलावंताकडून दोन परस्परविरुद्ध अपेक्षा केल्या जातात. त्याने राज्यकर्त्यांची कला शिकून आपली पात्रता सिद्ध करावी ही पहिली. आणि त्याने राज्यकर्त्यांसारखे मुळीच न होता आपल्या 'मूळ' संस्कृतीचा निर्भेळ नमुना जगापुढे ठेवावा ही दुसरी. पहिली अपेक्षा उघडउघड अपमानकारक असल्यामुळे तिचा प्रतिकार करणे तुलनेने सोपे असते. दुसरी गौरवाच्या भाषेत बोलते, आणि म्हणूनच परसत्ता गेल्यावरही ती मागे उरते. किंबहुना पुढे तीच अपेक्षा स्वकीयांच्याही तोंडी येते, आणि आपल्या मातीशी इमान राखणे म्हणजे अमुकच विषयांवर अमुकच रीतीने लिहिणे किंवा चित्रे काढणे, असा दंडक होऊन बसतो. आपल्या देशातील अनेक भाषांच्या साहित्यसमीक्षेने 'देशीपणा'च्या प्रश्नाशी जी दीर्घ झुंज घेतली आहे, तिचे मूळ ह्या दुसऱ्या अपेक्षेत आहे. ज्या कलावंताने ही अपेक्षाच आपल्या कलेचा विषय केली, त्याच्या कार्याकडे साहित्याच्या अभ्यासकांनीही पाहावे, असे म्हणण्याचे कारण हेच.

यिंका शोनिबारे ह्यांचा जन्म १९६२ साली लंडनमध्ये नायजेरियन कुटुंबात झाला. वयाच्या तिसऱ्या वर्षी ते लागोसला गेले आणि तेथेच वाढले. घरात योरुबा, शाळेत इंग्रजी आणि सुट्टीत लंडन अशा ह्या बालपणात दोन्ही जगे त्यांना सारखीच घरची होती. कलेच्या शिक्षणासाठी ते पुन्हा लंडनला आले, आणि त्या सुरुवातीच्या काळातच मज्जारज्जूच्या दाहाने त्यांना कायमचे अपंगत्व आले. विद्यार्थिदशेत ते सोव्हिएत रशियातील पेरेस्त्रोइका हा विषय घेऊन काम करीत असताना, आफ्रिकेचे असून तुम्ही अस्सल आफ्रिकी कला का करीत नाही, अशा आशयाचा प्रश्न एका अध्यापकाने त्यांना विचारला. ही हकीकत शोनिबारे ह्यांनी मुलाखतींतून सांगितली आहे. हा प्रश्न दुष्टाव्याचा नव्हता; त्यात आस्थाच होती. परंतु लंडनच्या विद्यार्थ्याने रशियावर काम केले तर तो जगाचा नागरिक, आणि लागोसच्या विद्यार्थ्याने केले तर तो वाट चुकलेला, हा भेद त्या आस्थेच्या पोटात दडलेला होता.

ह्या प्रश्नाला दोन ठरावीक उत्तरे देता आली असती. योरुबा परंपरेतील मुखवटे आणि मूर्ती ह्यांकडे वळणे हे एक. कलेला देश नसतो असे सांगून रशियाची चित्रे करीत राहणे हे दुसरे. शोनिबारे ह्यांनी ह्यांपैकी कोणतेही उत्तर दिले नाही. ज्या 'अस्सल' शब्दावर सगळा प्रश्न उभा होता, तोच त्यांनी तपासायला घेतला. आणि त्यासाठी ते ग्रंथालयात न जाता दक्षिण लंडनमधील ब्रिक्स्टनच्या बाजारात गेले.

२

ब्रिक्स्टनच्या बाजारात भडक रंगांचे, मोठमोठ्या आकृत्यांचे सुती कापड आफ्रिकेचे म्हणून विकले जाते. पश्चिम आफ्रिकेत सणासमारंभाला ते नेसतात, आणि घाना (१९५७) व नायजेरिया (१९६०) स्वतंत्र झाल्यानंतरच्या काळात तर ते आफ्रिकी स्वाभिमानाची खूणच बनले. परंतु ह्या कापडाची कुळी शोधू लागले की ती आफ्रिकेत न थांबता भलतीकडेच जाते. त्याचे व्यापारी नाव 'डच वॅक्स'. जावा बेटावर मेणाने नक्षी झाकून कापड रंगात बुडवण्याची बाटिक नावाची कला होती. जावावर राज्य करणाऱ्या डचांनी एकोणिसाव्या शतकात तिची यंत्रावर नक्कल करून ते स्वस्त कापड जावाच्याच बाजारात खपवण्याचा घाट घातला. हेल्मंड येथील व्लिस्को ही आजही चालू असलेली कापडपेढी १८४६ सालची. यंत्रात मेणाऐवजी राळ वापरली जाई; राळेच्या थराला तडे जात, त्या तड्यांतून रंग झिरपे आणि कापडावर बारीक शिरा उमटत. हाताच्या कामाची नजर असलेल्या जावाच्या गिऱ्हाइकाला तो दोष वाटला. पुढे हेच कापड पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेले आणि तेथे त्याचे सोने झाले. प्रत्येक वाराच्या शिरा निराळ्या, म्हणून प्रत्येक वार निराळा, अशी तेथील गिऱ्हाइकाने त्या दोषाची पारख केली. मँचेस्टरच्या गिरण्यांनीही मग ह्या व्यापारात उडी घेतली. तेथील बाजारातील स्त्रियांनी एकेका नक्षीला नावे दिली, म्हणी जोडल्या, आणि कोणती नक्षी चालेल व कोणती पडेल ह्याचा निर्णय हळूहळू त्यांच्या हाती गेला. टोगोच्या लोमे शहरातील अशा व्यापारी स्त्रियांच्या मोटारगाड्यांवरून त्यांना 'नाना बेंझ' हे नावच पडले.

म्हणजे कल्पना जावाची, यंत्र हॉलंडचे, पुढची नक्कल मँचेस्टरची, आणि अर्थ मात्र आफ्रिकेचा. ह्या वस्त्राला अस्सल म्हणावे की नक्कल? वरवर पाहता हा भाषांतराचा प्रश्न आहे. मुळातील गुण भाषांतरात हरवतात ही तक्रार नेहमीची. परंतु भाषांतरातील वैगुण्यच नव्या भाषेत गुण ठरावे, आणि नव्या वाचकाने त्या कृतीला आपल्या घरचे नाव द्यावे, असेही घडते. येथे मूळ शोधीत मागे जाणाऱ्याच्या हाती मूळ लागत नाही. लागतो तो केवळ देवघेवीचा, लुटीचा आणि चातुर्याचा इतिहास.

ह्या इतिहासात भारताचाही धागा आहे, आणि तो अलंकारिक नव्हे. चोळमंडल किनाऱ्यावरचे सुती कापड युरोपीय कंपन्यांच्या जहाजांतून पश्चिम आफ्रिकेत जात असे आणि गुलामांच्या व्यापारात ते मोबदला म्हणून दिले जाई. नायजर नदीच्या मुखाजवळील कालाबारी समाजात मद्रासकडील चौकडीचे कापड 'इंजिरी' ह्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या मानाचे वस्त्र ठरले आहे. कालाबारी स्त्रिया त्या कापडातील निवडक धागे कापून काढून घेतात आणि त्या रिकाम्या जागांतून नवी नक्षी उमटवतात. दुसऱ्याच्या वस्त्रातून काही वजा करून ते आपले करण्याची ही रीत शोनिबारे ह्यांच्या कलेला फार जवळची आहे.

१९९४ सालच्या 'डबल डच' ह्या कृतीत त्यांनी हे कापड प्रथम ठळकपणे वापरले. गुलाबी भिंतीवर चौकटींना ताणलेले पन्नास लहान कापडी फलक, त्यांवर रंगाचे हात. इंग्रजीत 'डबल डच' म्हणजे अगम्य बडबड; तेव्हा शीर्षकातच कापडाच्या कुळीवर आणि ती न समजणाऱ्या प्रेक्षकावर श्लेष आहे. तथापि येथे वस्त्र अजून चित्राच्या जागी ताणलेले होते. त्याला देह मिळालेला नव्हता.

३

तो देह मिळाला आणि शोनिबारे ह्यांच्या कलेला तिचा खरा घाट सापडला. १९९८ सालची 'शिरांवाचून श्री. व सौ. अँड्र्यूज' ही कृती ह्या दृष्टीने महत्त्वाची आहे. इंग्रज चित्रकार गेन्सबरो ह्याने १७५०च्या सुमारास रंगवलेले अँड्र्यूज दांपत्याचे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. डावीकडे झाडाखाली नवरा-बायको, नवऱ्याच्या काखेत बंदूक, पायाशी कुत्रा. आणि उजवीकडे दूरवर पसरलेली त्यांची शेतजमीन. चित्राचा जवळजवळ अर्धा भाग जमिनीनेच व्यापला आहे. शोनिबारे ह्यांनी दांपत्य, बाक, कुत्रा आणि बंदूक एवढेच शिल्परूपात घेतले. त्यांनी दोन गोष्टी काढून टाकल्या : माणसांची शिरे आणि जमीन. कपडे मात्र त्याच अठराव्या शतकाच्या बेताचे, पण डच वॅक्सचे. प्रेक्षक प्रथम हसतो. मग त्याच्या ध्यानात येते की, ज्या जमिनीच्या मालकीमुळे ह्या माणसांना ऐट आली ती जमीनच येथे नाही, आणि त्या जागी तिच्यापेक्षा कितीतरी दूरच्या भूमींचा हिशेब त्यांच्या अंगावरच्या कापडाने मांडला आहे. सुखवस्तू गृहस्थजीवनाच्या चित्रात जे रंगवलेले नव्हते तेच येथे अंगाला चिकटून पुढे आले आहे.

ह्या आकृतींना शिरे का नाहीत? स्वतः शोनिबारे ह्यांनी फ्रेंच राज्यक्रांतीतील शिरच्छेदयंत्राकडे निर्देश केला आहे, आणि फ्रागोनार्दच्या १७६७ सालच्या चित्रावरून केलेल्या 'झोका' (२००१) ह्या कृतीत तो अर्थ नेमका लागू पडतो. झोक्यावरची सुंदरी पायातील चपळ भिरकावते आहे, तिच्या झग्यावर एका पॅरिसच्या प्रसाधनपेढीचे चिन्ह छापलेले आहे, आणि मूळ चित्रातील दोन्ही पुरुष गाळल्यामुळे तिच्याकडे खालून पाहण्याचे काम प्रेक्षकावर येते. उमरावांच्या त्या विलासाचा शेवट कोठे झाला हे तिच्या नसलेल्या मानेवरून कळते.

परंतु शिरच्छेदाचा अर्थ सर्व कृतींना पुरत नाही. एकोणिसाव्या शतकातील वंशविद्येचे सर्वात आवडते साधन म्हणजे मानवी डोके. अमेरिकेत मॉर्टनने १८३९ साली कवट्यांच्या मापांवर ग्रंथ रचला. भारतात हर्बर्ट रिस्ले ह्याने नाकांची मापे घेऊन जातींचे वांशिक वर्गीकरण मांडले, आणि तोच पुढे १९०१च्या खानेसुमारीचा आयुक्त झाला. माणसाचे मोल ठरवण्यासाठी ज्या अवयवावर मापपट्टी लावली जात होती तोच शोनिबारे ह्यांच्या शिल्पांतून गायब आहे. उरलेली त्वचा एका अनिश्चित पिंगट छटेची. तिच्यावरून काही ठरवावे तर ठरत नाही. वंशाचा निवाडा करू पाहणाऱ्या नजरेला येथे पुरावाच मिळत नाही, आणि ती नजर निरुपायाने वस्त्राकडे वळते. तर वस्त्रही खोटी साक्ष देते. समान मानवतेची घोषणा येथे कोठेही केलेली नाही. केवळ मापण्याजोगे काही शिल्लक ठेवलेले नाही, आणि घोषणेपेक्षा ही रीत अधिक परिणामकारक आहे.

'आफ्रिकेसाठी झुंबड' (२००३) ह्या कृतीत ह्याच मस्तकहीनतेला तिसरा अर्थ येतो. १८८४-८५ साली बर्लिन येथे १४ राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी आफ्रिकेच्या वाटणीचे नियम ठरवले. त्यांत आफ्रिकेचा प्रतिनिधी एकही नव्हता. शोनिबारे ह्यांच्या कृतीत आफ्रिकेचा नकाशा कोरलेल्या टेबलाभोवती १४ मस्तकहीन पुरुष बसले आहेत. कोणी पुढे झुकला आहे, कोणी हात उगारला आहे, कोणी खुर्चीत रेलला आहे. चर्चा रंगात आली आहे, आणि विचार करणारा अवयव कोणालाच नाही. येथे उपहास सरळ आहे. तरी हातांची भाषा इतकी ओळखीची आहे की ही सभा कोणत्याही कार्यालयातील सभेसारखी वाटते. इतिहासातील मोठे अन्याय राक्षसांनी नव्हे, तर चांगल्या शिवलेल्या कोटातील सभासदांनी केले, हे भान ही कृती देते.

ह्या सर्वांत वस्त्र आणि आशय ह्यांचे सर्वाधिक एकजीव रूप दिसते ते 'बाटलीतील नेल्सनचे जहाज' ह्या कृतीत. २०१० साली लंडनच्या ट्रफाल्गर चौकातील रिकाम्या चौथऱ्यावर ती ठेवली गेली, आणि २०१२ मध्ये लोकवर्गणीच्या साहाय्याने ग्रिनिच येथील नौकासंग्रहालयाने ती कायमची घेतली. नेल्सनच्या 'व्हिक्टरी' ह्या युद्धनौकेची तिसाव्या हिश्शाची प्रतिकृती, आणि तिची ३७ शिडे डच वॅक्सची. ट्रफाल्गरच्या विजयाने (१८०५) समुद्र इंग्रजांच्या हाती आला, त्या समुद्रावरून व्यापार वाढला आणि त्या व्यापारातून हे कापड जगभर फिरले. तेव्हा कारणाच्या माथ्यावर कार्याचे शीड चढवलेले आहे. शिवाय शीड हे मुळातच कापड असते. अँड्र्यूज दांपत्याच्या अंगावर हे वस्त्र विसंगत म्हणून बोलते. जहाजावर ते सुसंगत असूनही बोलते. शिडे फुगलेली आहेत, पण बाटलीत वारा नाही. साम्राज्याचे एवढे मोठे जहाज खलाशाच्या फावल्या वेळातील खेळणे झाले आहे, आणि त्याच वेळी ते मोहक आहे. नेल्सनचा स्तंभ समोर असताना त्याची निंदा न करता त्याचा अर्थ बदलण्याचे सामर्थ्य ह्या कृतीत होते.

४

ह्या मोहकपणावरच शोनिबारे ह्यांच्या कलेविरुद्धचा मुख्य आक्षेप घेता येतो. गुलामांचा व्यापार, भूमीची लूट आणि वंशद्वेष हे विषय असताना कृती इतकी देखणी का असावी? धनिकांच्या दिवाणखान्यात ती शोभून दिसते ह्याचा अर्थ तिचा डंख निघून गेला असा नव्हे काय? २००४ साली ब्रिटिश साम्राज्याच्या नावाचा 'एमबीई' हा किताब त्यांना मिळाला. आदल्याच वर्षी कवी बेंजामिन झेफनाया ह्यांनी तशाच मालिकेतील 'ओबीई' हा किताब, त्यातील साम्राज्य ह्या शब्दाकडे बोट दाखवून, जाहीरपणे नाकारला होता. शोनिबारे ह्यांनी तो स्वीकारला. एवढेच नव्हे तर आपल्या कलावंत म्हणून असलेल्या नावाला तो जोडून टाकला. २०१९ मध्ये 'सीबीई' मिळाल्यावर त्याचीही तीच गत झाली.

झेफनाया ह्यांच्या नकाराचा नैतिक स्वच्छपणा निर्विवाद आहे. परंतु शोनिबारे ह्यांचा स्वीकार हा केवळ मोह म्हणता येत नाही, कारण तो त्यांच्या कलेच्या रीतीशी सुसंगत आहे. 'व्हिक्टोरियन छेलबटाऊची दिनचर्या' (१९९८) ह्या पाच छायाचित्रांत त्यांनी स्वतःच एकोणिसाव्या शतकातील रंगेल उमरावाची भूमिका केली होती. गोरे नोकर भोवती अदबीने उभे, आणि मध्ये हा काळा धनी. ही छायाचित्रे भित्तिपत्रकांच्या रूपाने लंडनच्या भुयारी रेल्वेत लावली गेली होती. उमरावाचा अंगरखा घातला म्हणून उमरावशाही मान्य झाली असे तेथे कोणी म्हणणार नाही. किताबही तसाच अंगावर चढवलेला आहे. तरीही एक भेद उरतो : अंगरखा नटाने उतरवून ठेवता येतो, किताब देणारी सत्ता मात्र खरी असते आणि उपरोधालाही ती आपल्या शोभेत सामावून घेते. हा पेच शोनिबारे ह्यांच्या कलेने सोडवलेला नाही. तो उघड्यावर मांडला आहे एवढेच म्हणता येईल, आणि तेवढे म्हणणे रास्तही आहे.

सौंदर्याविषयीच्या आक्षेपाचे उत्तर मात्र कृतीगणिक निराळे द्यावे लागेल. जेथे वस्त्राचा इतिहास आणि कृतीचा घाट एकमेकांत गुंतले आहेत, तेथे सौंदर्य हे आमिष असते व आमिषामागे गळ असतो. जेथे ती गुंतवण सुटते, तेथे केवळ आमिष उरते. २०१३ पासूनची 'वाऱ्याची शिल्पे' ही ह्या दुसऱ्या प्रकारची. वाऱ्यावर उडणाऱ्या कापडाचा एक क्षण कठीण द्रव्यात गोठवून त्यावर तीच नक्षी रंगवलेली असते. ती डौलदार आहेत. परंतु त्यांत ना देह आहे, ना प्रसंग, ना ज्याच्याशी भांडावे असे पूर्वचित्र. नक्षी येथे कलावंताची स्वाक्षरी झाली आहे. नंतरच्या अनेक आकृतींना त्यांनी डोक्याच्या जागी पृथ्वीचे गोल बसवले, त्यातही हीच उणीव जाणवते. रिकाम्या मानेने जो प्रश्न प्रेक्षकाकडे टाकला होता त्याचे उत्तर गोलाने आयतेच देऊन टाकले, आणि संदिग्धतेची जागा बोधचिन्हाने घेतली. अस्सलपणाच्या ठशाविरुद्ध उभा राहिलेला कलावंत स्वतःच्याच ठशात अडकण्याचा धोका येथे स्पष्ट दिसतो. ह्याउलट 'ब्रिटिश ग्रंथालय' (२०१४) ह्या कृतीत, त्याच कापडात बांधलेल्या ६,३२८ ग्रंथांतील अनेकांच्या पाठींवर स्थलांतरितांची आणि स्थलांतराच्या विरोधकांचीही नावे सोन्याने छापलेली आहेत. दोघे एकाच फळीवर, एकाच वेष्टनात शेजारी उभे आहेत. येथे वस्त्राला पुन्हा काम मिळाले आहे.

५

अलीकडच्या काळात साम्राज्याच्या पुतळ्यांचे काय करावे ह्या वादाने अनेक देश ढवळून निघाले. शोनिबारे ह्यांनी २०२२-२३ मध्ये केलेल्या आणि २०२४ साली लंडनच्या सर्पेंटाइन कलादालनात मांडलेल्या शिल्पमालेत व्हिक्टोरिया राणी, किचनर, चर्चिल आदींचे लहान केलेले पुतळे नखशिखांत डच वॅक्सच्या नक्षीने रंगवलेले आहेत. भारतीय प्रेक्षकाला, विशेषतः मुंबईच्या, ही कृती पाहताना एक जुनी तुलना सुचल्यावाचून राहणार नाही. मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला १८९६ साली डांबर फासल्याचे दामोदर चापेकर ह्यांनी आपल्या आत्मवृत्तात सांगितले आहे. स्वातंत्र्यानंतर, १९६५ मध्ये, असे पुतळे चौकांतून हलवून भायखळ्याच्या उद्यानाच्या परिसरात नेऊन ठेवण्यात आले. काळे फासणे, हलवणे आणि नक्षी चढवणे अशा ह्या तीन रीती आहेत. पहिलीत फासावर जाण्याची तयारी होती, दुसरीत स्वतंत्र राष्ट्राचा शांत निर्णय होता. तिसरीला त्या दोहोंइतके मोल पडलेले नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परंतु पहिल्या दोन रीतींनंतरही पुतळ्याचा अर्थ तोच राहतो. तिसरी रीत त्याला दुसरा अर्थ देते. नक्षीखालच्या राणीचा चेहरा दिसतो, पण ती आता कोणाची राणी हे सांगता येत नाही.

ह्याच विचाराची परिणती २०२४ सालच्या व्हेनिस द्वैवार्षिकातील नायजेरियाच्या दालनात दिसली. १८९७च्या फेब्रुवारीत अॅडमिरल हॅरी रॉसनच्या आधिपत्याखाली इंग्रज फौजेने बेनिन शहर घेतले, राजवाडा लुटला, आणि तेथील पितळी व हस्तिदंती शिल्पे युरोपच्या संग्रहालयांत पांगली. शोनिबारे ह्यांनी त्या लुटीतील दीडशेहून अधिक वस्तूंच्या मातीच्या प्रतिकृती करून त्या उतरंडीसारख्या रचल्या, आणि त्यांच्यामध्ये रॉसनचा नक्षीने रंगवलेला अर्धपुतळा काचेच्या पेटीत ठेवला. शतकभर बेनिनचे देव आणि राजे काचेमागे होते. आता सेनापती काचेमागे आहे आणि त्या वस्तू मोकळ्यावर. ह्या वस्तू मूळच्या नाहीत. मूळच्या वस्तूंपैकी बहुतेक अजून परक्या शहरांत आहेत, आणि मातीच्या नकलांनी त्या परत येत नाहीत. परंतु परत मागायच्या वस्तूंची यादी म्हणून ही नक्कल पुरेशी अस्सल आहे. ज्या कलावंताला एके काळी अस्सल आफ्रिकी कला का करीत नाहीस असे विचारले गेले, त्याने अखेर बेनिनच्या मूर्ती घडवल्या खऱ्या. त्या त्याने आपल्या वांशिक वारशाचा दाखला म्हणून घडवल्या नाहीत. चोरीस गेलेल्या मालाची नोंद म्हणून घडवल्या आहेत.